या संक्रांतीला मी केबली लुटल्या

डोंबिवली (पूर्व)
बुधवार, २१ जानेवारी

ती. सौ. गोदाताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या फक्त कागदावर). तुमची कंबर कशी आहे? मागच्या शनिवारी आमच्याकडच्या हळदीकुंकवाहून निघताना तुम्ही कठडा धरून जिना उतरत होतात ते मी पाहिलं. तेव्हा बोलले नाही, कारण चार बायकांसमोर तब्येतीचं विचारलेलं तुम्हाला आवडत नाही. भाऊजींचा रक्तदाब निदान सोमवारच्या बैठकीपर्यंत ताब्यात राहील असं बघा. मीठ कमी करा आणि वर्तमानपत्र त्यांना सकाळी न देता जेवणानंतर द्या. पायल बरी आहे हे मला ठाऊक आहे, कारण शाळा सुटल्यावर ती आठवड्यातून दोनदा आमच्याकडे चहा घेऊन मगच कळव्याला परतते. हे पत्रही तिच्याच हाती देणार आहे. पाकीट डकवलेलं असेल. उघडं मिळालं तर तुमच्या लेकीलाच विचारा.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं भाऊजी देतात. दुसरं म्हणजे मला जे सांगायचं आहे त्याला एक क्रम आहे, आणि फोनवर क्रम राहत नाही. तुम्ही मधेच भाजी काय केली ते विचारता. तेव्हा शांतपणे बसून वाचा. आधी एकच सूचना: शनिवारी तुम्ही नेलेली वाणाची पिशवी अजून उघडली नसेल तर उघडू नका, आणि उघडली असेल तर आतली वस्तू कुणाला देऊन टाकू नका. कारण पुढे येईल.

तुमच्या बंधूंचं कानाचं मशीन तुम्ही पाहिलं आहे. दिवाळीत अपूर्वने आणून दिलं. (स्वतःचा मुलगा म्हणून सांगत नाही, पण एवढी एक वस्तू त्याने नीट चौकशी करून घेतली.) पावट्याच्या दाण्याएवढी दोन यंत्रं, ती रात्री एका काळ्या डबीत ठेवायची, आणि डबीला एका आखूड पांढऱ्या केबलने वीज द्यायची. डबीवर हिरवा दिवा लागला की काम झालं. तेव्हापासून अडीच महिने आमच्या घरात मी प्रत्येक वाक्य एकदाच बोलत होते. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण ही सोय मला पहिल्यांदाच मिळाली.

ते मशीन रविवारपासून बंद आहे.

आता तुमच्या बंधूंची सवय तुम्हाला माझ्याहून आधीपासून ठाऊक आहे. ऐकू आलं नाही तर माणूस "काय म्हणालात?" असं विचारतो. हे विचारत नाहीत. हे हसतात आणि मान डोलावतात. ती मान इतकी समजूतदार असते की समोरच्याला वाटतं, आपलं म्हणणं आजवर कुणी इतकं मनापासून ऐकलंच नव्हतं. रविवारी संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. तिथून हे रिडेव्हलपमेंट कमिटीचे अध्यक्ष होऊन परत आले. मी विचारलं, हे कसं झालं, तर म्हणाले की ते लोक चहा घेणार का असं विचारत होते. सोमवारी ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे जण येऊन गेले, आणि आता स्नेहसंमेलनात हे समूहनृत्यात आहेत. तालमीही सुरू झाल्या. ताल ऐकू येत नसल्यामुळे हे बाकीच्यांपेक्षा अर्धी मात्रा मागे असतात, पण संघातल्या लोकांना ती नाचाची मुद्दाम केलेली रचना वाटते आहे. मंगळवारी इस्त्रीवाला काहीतरी विचारून गेला. काय ते अजून उघडकीला आलेलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या पॅसेजमध्ये त्याचं टेबल आहे.

हे सगळं मी निस्तरीन. पण सोमवारी सव्वीस तारखेला तुमच्या घरी बैठक आहे आणि तिथे पायलच्या बाजूने बोलायचं कुणी, तर मामाने, असं तुम्हीच ठरवलंत. ते बरोबरही होतं. भाऊजी चौथ्या वाक्याला उठून उभे राहतात. तुम्हाला रडू येतं. मी बोलले तर बैठक लवकर संपते असा अनुभव आहे. मामा मात्र ऐकून, समजून, गोड शब्दांत नाही म्हणू शकतो. मात्र त्याला आधी ऐकू यायला हवं. पायलने त्यांच्याकडून शब्द घेतला आहे: लग्न कळव्यातच, दीडशे माणसांत, आणि लग्नानंतर तिची शाळेतली नोकरी चालू राहील हे सर्वांसमोर बोललं जाईल. प्रेमला हे मान्य आहे, पण तो वडिलांसमोर तोंड उघडत नाही. आणि त्याचे वडील! कल्याणचा मोठा हॉल, सातशे माणसं आणि "नोकरीचं नंतर बघू" असं त्यांच्या मनात आहे, हे आपल्याला बाहेरून कळलं आहे. शिवाय ते बोलतात ते मिशीतल्या मिशीत. मशीन असूनसुद्धा तुमच्या बंधूंना साखरपुड्याच्या बोलणीत त्यांचं निम्मंच ऐकू आलं होतं. मशीन नसेल तर त्यांची वाक्यं मिशीत आणि आमची मान मोकळी. त्या एका मानेवर पायलची नोकरी जाईल.

हे का झालं ते आता सांगते. दोष माझा आहे, पण तो कसा घडला ते समजून घेण्यासारखं आहे.

संक्रांतीला वाण काय लुटायचं यावर मी दर वर्षी विचार करते. माझ्या स्वयंपाकघरात वाणात आलेल्या एकोणीस गाळण्या आहेत. साबणदाण्या किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलं. उपयोगी वस्तू लुटावी म्हणून मी दोन महिने निरीक्षण केलं, तेव्हा लक्षात आलं की आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी गेलं तरी पहिलं वाक्य "या, बसा" असतं आणि दुसरं "चार्जर कुणी घेतला?" मग ठरवलं, या वर्षी केबली. ठाकुर्लीला विकीचं दुकान आहे. मोबाइलचं सगळं सामान ठेवतो, चाळिशीचा आहे, तोंडाळ आहे पण खोटं बोलत नाही. त्याने मला दोन्ही टोकं सारखी असलेली केबल दाखवली. कुठलंही टोक कुठेही लावा, उलटं लावा, सुलटं लावा. मला ते फार आवडलं. पंचवीस घेतल्या. चोवीस बायका येणार होत्या, आणि एक केबल घरासाठी.

माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. वागळे इस्टेटमध्ये स्विच आणि सॉकेट बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणी विभागात होते. त्या धंद्याचा एक साधा नियम होता: जे जिथे चालायचं नाही ते तिथे बसायलाच नको. पंधरा अँपिअरची जाड पिन पाच अँपिअरच्या भोकात जात नाही, म्हणून घरं जळत नाहीत. याचा व्यत्यास मी आयुष्यभर गृहीत धरला, की जे बसतं ते चालतं. (कॉलेजात आम्हाला प्रमेय आणि व्यत्यास वेगवेगळे सिद्ध करायला लावत. उगीच नाही लावत.) तर शनिवारी सकाळी पिशव्या भरताना मी सवयीने नवी केबल आणि मशीनची पांढरी केबल शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पांढरीचं एक टोक जुन्या पद्धतीचं, रुंद आणि चपटं होतं. दुसरं टोक नव्यासारखंच, पण त्याचं नाक मला लांब वाटलं. कपाटातून व्हर्नियर काढला आणि मोजलं. दोन मिलिमीटर जास्त. बाकी पंचवीस नगांचं नाक एका मापाचं आणि या एकाचं वेगळं, म्हणजे हा नग सदोष. मी तिला लाल दोरा बांधून बाजूला ठेवलं (कारखान्यात नापास मालाला आम्ही लाल चिठ्ठी लावत असू), आणि मशीनच्या डबीला नवी केबल, माझ्या फोनच्या नव्या चार्जरसकट, लावली. बसली. अगदी छान बसली. दिवा बघायला मी थांबले नाही, कारण तिळाच्या वड्या थापायच्या होत्या.

संध्याकाळी चोवीस बायका आल्या आणि मग पंचविसाव्या आल्या, ज्या येणार नाहीत असं मला सांगण्यात आलं होतं. (नाव महत्त्वाचं नाही.) पिशव्या संपल्या होत्या. मशीनला लावलेली नवी काढून द्यावी की काय, असा क्षणभर विचार आला. पण यांच्या कानापेक्षा वाण मोठं नाही असं मनाला बजावलं, पांढरीचा लाल दोरा सोडला, कापडी पिशवीत घालून वर तिळगूळ ठेवला, आणि हळदीकुंकू लावून दिली. रविवारी दुपारपर्यंत शुक्रवारी रात्री भरलेली वीज पुरली. मग हे जे हसायला लागले ते अजून हसताहेत.

आता वाण परत मागत नाहीत. मी शास्त्र शिकले आहे, असल्या गोष्टी मानत नाही; पण मोडतही नाही. सुवासिनीच्या ओटीत घातलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून "जरा द्या बघू" म्हणायची, हे माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा पांढरी गेली असं धरून मी दुसरे उपाय सुरू केले.

सोमवारी सकाळी डबी घेऊन विकीकडे गेले आणि त्याला विचारलं की तुझी केबल बसते, तर मग चालत का नाही. त्याने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला,

"काकी, हा नवीन चार्जर आधी विचारतो, समोर कोण आहे? समोरच्याने उत्तर दिलं तरच करंट सोडतो. तुमची डबी मुकी आहे, बोलतच नाय. तिला जुना चार्जर पाहिजे. तो येडा असतो, कोण आहे काय आहे बघत नाय, देऊन टाकतो."

गोदाताई, मी त्याच्या स्टुलावर बसले. बावीस वर्षं मी भोकं आणि पिना मोजल्या, पण वीज वाहण्याआधी दोन वस्तूंमध्ये बोलणी होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही टोकं सारखी झाली म्हणून हे आलं, असं तो म्हणाला. पूर्वी रुंद टोक देणाऱ्याचं आणि बारीक टोक घेणाऱ्याचं, हे आकारावरूनच ठरलेलं असायचं. आता आकार सारखे, म्हणून कोण देणार आणि कोण घेणार ते आधी आपसांत ठरवावं लागतं. म्हणजे बैठकच म्हणायची. जुना चार्जर म्हणजे तुमच्या सासूबाई: दारात कोण आलंय ते न बघता कपात चहा ओतायच्या. नवा चार्जर "घेणार का?" असं विचारतो, आणि आमची डबी मान हलवत नाही म्हणून उपाशी राहते. मला परतताना एकच विचार येत होता. जिने मान डोलवायला हवी ती डोलवत नाही, आणि ज्यांनी डोलवायला नको ते थांबत नाहीत, आणि दोघं माझ्याच घरात.

घरी येईपर्यंत बिल्डिंगमधली परिस्थितीही बदलली होती. वाण निरुपयोगी आहे असं कुणी तोंडावर म्हणत नाही. बायका फक्त "चौकशी" करतात. एकीने विचारलं की ही केबल नक्की कशाची? दुसरीने विचारलं, याला वेगळा चार्जरही वाणात असतो का? तिसरीने काहीच विचारलं नाही, पण तिच्या गॅलरीत मनीप्लँटचा वेल माझ्या केबलने ग्रिलला बांधलेला मला खालून दिसला. मुद्दा असा निघाला की निम्म्या बायकांच्या घरी जुने चार्जर आहेत, ज्यांचं भोक रुंद आणि चपटं. दोन्ही टोकं सारखी असलेली केबल त्यांच्या फोनमध्ये जाते, पण चार्जरमध्ये जायला तिला तोंडच नाही. मी संकोच केला नाही. जिन्यात चिठ्ठी लावली: मंगळवारी दुपारी तीन वाजता सर्वांनी आपापले चार्जर, केबली आणि वीज खाणाऱ्या वस्तू घेऊन माझ्याकडे यावं. घालायला जाजम आहे. चहा मिळेल.

सतरा जणी आल्या. मी जुनी रोजनिशी घेतली, उभ्या रेघा मारल्या, आणि आम्ही प्रत्येक केबल प्रत्येक चार्जरला आणि प्रत्येक वस्तूला लावून पाहिली. साडेसहापर्यंत कुणी उठलं नाही. केवढं निघालं त्यातून! एकीची जाड दणकट केबल फोन भरते, पण त्याच केबलने फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर जात नाहीत, कारण आत फोटो जायच्या तारा घातलेल्याच नाहीत. बाहेरून कळायला मार्ग नाही. दुसरीच्या चार्जरवर आकडा मोठा आहे, पण तिच्या फोनला तो हळूहळू देतो आणि शेजारणीच्या फोनला भराभर देतो, कारण त्या दोघांची कंपनी एक. (विमलाबाई म्हणाल्या, हे तर आमच्या भिशीतही आहे.) एका कोपऱ्यात दाढीचं यंत्र फोनच्या चार्जरवर सुखाने भरलं आणि एका कोपऱ्यात नवाकोरा टॅब हटून बसला. आणि मग चौथ्या मजल्यावरच्या कल्पिताने गंमत म्हणून माझ्या वाणातली केबल घेतली, एक टोक आपल्या फोनला लावलं आणि दुसरं टोक सासूबाईंच्या फोनला. चार्जर मधे नाहीच. विमलाबाई म्हणजे तिच्या सासूबाई. एक फोन दुसऱ्याला वीज द्यायला लागला.

सगळ्या खाली वाकल्या. आता कोण कुणाला देतंय? कल्पिताचा फोन उतरत होता आणि विमलाबाईंचा चढत होता. पाच मिनिटांत चार टक्के. मी म्हटलं, एका निरीक्षणावरून अनुमान काढू नये, टोकं बदला. बदलली. पुन्हा विमलाबाईंचा फोन घेणाराच निघाला. कल्पिताने माझ्या वहीत डोकावून पाहिलं की मी हे नीट लिहून घेतलं की नाही. विमलाबाई म्हणाल्या,

"मी काही मागितलं नव्हतं हो. तीच देतेय."

हे मी निरीक्षणाच्या रकान्यात तसंच्या तसं उतरवलं आहे.

पण डबी? विकीच्या सांगण्याप्रमाणे मी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक अशी जुन्या पद्धतीची केबल त्याच्याकडून आणली होती, आणि पांढरी जिथे लागायची तो घरातला जुना येडा चार्जरही काढला होता. सतरा बायकांच्या देखत लावली. दिवा नाही. दुसरीची लावली, नाही. सहा वेगवेगळ्या केबली लावल्या. प्रत्येक बसते, आणि दिवा लागत नाही. म्हणजे विकीचं म्हणणं खरं असलं तरी पुरं नव्हतं. बायका गेल्यावर मी डबी खिडकीशी नेली आणि दात कोरायच्या काडीचं टोक तिच्या भोकात घालून कुठवर जातं तिथे नखाने खूण केली. मग तीच काडी शेजारच्या फोनच्या भोकात घातली. डबीचं भोक खोल होतं. किती खोल, ते तुमच्या लक्षात आलं असेल. दोन मिलिमीटर. बाकीच्या केबलींचं नाक आत पोचण्याआधीच त्यांचं प्लॅस्टिकचं अंग डबीच्या काठाला टेकत होतं आणि मला वाटत होतं की बसली. पांढरीचं नाक लांब होतं ते याच डबीसाठी लांब केलेलं होतं. अख्ख्या ढिगात एकटी तीच पास होती, आणि मी तिला लाल दोरा बांधला.

बावीस वर्षांत मी किती पांढऱ्या केबली नापास केल्या असतील, हा विचार काल जेवताना मनात आला. तो मी जेवण होईपर्यंत बाजूला ठेवला.

तरी मी हातावर हात ठेवून बसले नाही. विकीकडची केबल घेतली आणि विळीवर धरून तिच्या टोकाचं प्लॅस्टिक दोन मिलिमीटर तासलं. डबीत घातली आणि, गोदाताई, हिरवा दिवा लागला! मिनिटभर तसाच होता. मी यांना हाक मारली (त्यांनी मान डोलावली), तेवढ्यात तासलेल्या टोकाची धातूची टोपी ढिली होऊन माझ्या हातात आली आणि आतल्या बारीक तारा दिसायला लागल्या. अपूर्वला फोन केला तर त्याने मला शपथ घातली की आई, आता हात लावू नकोस, उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर डबी जळेल, आणि मग नुसती केबल नाही, अख्खं मशीन नवीन लागेल. विकीनेही तेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे होते. हे मला पटलं. छेडछाड केलेला नग चांगल्या सॉकेटमध्ये घालायचा नाही, हा आमच्या खात्यातलाही नियम होता. मशीनवाल्या कंपनीला विचारलं तर मूळ केबल मिळते, पण दहा-बारा दिवस लागतात. मागवली आहे. ती येईपर्यंत पायलच्या लग्नाला सातशे माणसं ठरलेली असतील.

यांना मी सगळं कागदावर लिहून दाखवलं आणि सांगितलं, बैठकीत मान हलवायची नाही. त्यांनी वाचलं, आणि मान डोलावली. मानेला पट्टा बांधून बसवावं असंही मनात आलं होतं. आहे घरात, त्यांच्या स्पाँडिलायटिसच्या वेळचा. पण मुलीच्या मामाला पट्ट्यात बघून पाहुणे विचारणार, काय झालं, आणि हे त्यावर काय कबूल करतील याचा नेम नाही.

असो. तात्पर्य असं की जे बसतं ते चालतंच असं नाही, आणि हे आपल्याला बैठकीच्या आधी कळलं ते बरं झालं. प्रेम आणि पायल यांचं एकमेकांशी बोलणं आहे, तेव्हा त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती मधल्या केबलींची, म्हणजे आपली. रोजनिशीतला तक्ता तुम्हाला हवा असल्यास नक्कल करून पाठवते. तुमच्या घरातल्या कुठल्या चार्जरला काय चालेल ते त्यावरून कळेल.

भाऊजींना नमस्कार सांगा. तुम्ही रोज अर्धा तास पाठ टेकत जा. कामं कुठे जात नाहीत.

तुमची,
विनिता

ता. क. तिळाच्या वड्यांचा माझा स्टीलचा डबा तुमच्याकडे राहिला आहे. त्याची अजिबात घाई नाही. झाकणावर नाव आहे.

ता. क. २. त्या पंचविसाव्या बाई तुम्ही. तुमची कंबर दुखते, तुम्ही येणार नाही, असं पायल म्हणाली होती, म्हणून मी तुम्हाला मोजलं नव्हतं. शेजारच्या चोवीस बायकांना मी कोरा माल दिला आणि स्वतःच्या थोरल्या नणंदेला लाल दोऱ्याचा. हे मला लिहायला तीन दिवस आणि वर इतकी पानं लागली. (दोरा मी सोडला होता, पण गाठीचा लाल धागा तिथे असेल. बघा.) वाण मी परत मागत नाही, आणि मागणारही नाही. पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, आणि रथसप्तमी येत्या रविवारी आहे. तुम्ही अजून या वर्षीचं केलेलं नाही. तर रविवारपर्यंत केव्हाही करा, मला एकटीला बोलावलं तरी चालेल, आणि मला वाण म्हणून काय द्यायचं ते तुम्हाला सुचेलच. डबी मी बरोबर घेऊन येईन. रविवारी रात्री एकदा भरली की सोमवारची बैठक पार पडते.

ता. क. ३. रविवार नको, उद्याच करा. पायल पत्र न्यायला आली आहे आणि मी पाकीट डकवायच्या आधी हे लिहिते आहे. आत्ता फोन वाजला, मी आत चहा गाळत होते, आणि तो तुमच्या बंधूंनी उचलला. प्रेमचे वडील होते. दहा मिनिटं बोलले. ते काय म्हणाले हे त्यांच्या मिशीलाच ठाऊक. आमच्याकडून "हो, हो", "अगदी बरोबर" आणि "आमची काहीच हरकत नाही" एवढं मी स्वतः ऐकलं. विचारलं तर म्हणतात, थंडी फार पडली आहे असं सांगत होते. पायलने त्यांच्यासमोर उभं राहून, तोंड नीट दिसेल असं, विचारलं, "मामा, नोकरीचं काय म्हणाले ते?"

त्यांनी तिच्याकडे बघून छान हसून मान डोलावली.

उद्या सकाळी अकराला येते. कुंकू माझ्याकडे आहे, तिळगूळही आणते. तुम्ही फक्त ती पिशवी काढून ठेवा.